चौथी वीट

सरकारी कारकुनाच्या आयुष्यात घरे पुष्कळ येतात. त्याचे म्हणावे असे त्यांत एकही नसते. बदलीचा हुकूम आला की सामान बांधावे, नव्या गावी अर्ज करावा आणि पाळी येईल तेव्हा वाट्याला येईल त्या क्वार्टरात चूल मांडावी, हा आमचा क्रम. तेव्हा घर कसे बांधावे या विषयावर आमच्यासारख्याने लेखणी उचलावी, याचे पुष्कळांना नवल वाटेल. जो कधी बांधणार नाही त्याने बांधकामाविषयी काय बोलावे? परंतु या प्रश्नाला दुसरी एक बाजू आहे. आम्ही घरे बांधत नसलो तरी बांधलेल्या घरांची बिले तपासतो. पाया किती खोल गेला, भिंत किती घनमीटर भरली, गिलावा किती चौरस मीटर झाला, हे सारे मोजमापाच्या पुस्तकातून आमच्या टेबलावर येते. भिंतीचे एक रूप गवंड्याला दिसते, दुसरे तीत राहणाराला, आणि तिसरे हिशेबनिसाला. या तिसऱ्या जागेवरून पाहिलेल्या एका माणसाची व त्याच्या एका भिंतीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमची बदली तिरुवनंतपुरमला झाली. राहावयास मिळाली ती जागा सर्वांत वरच्या मजल्यावरची. डोक्यावर काँक्रीटची सपाट गच्ची. केरळातले ऊन आमच्या विदर्भातल्या उन्हासारखे भाजून काढणारे नसते, हे खरे. परंतु तेथील दमट हवेत माणूस शिजतो. दिवसभर तापलेली ती गच्ची रात्री नऊ-दहाच्या सुमारास आपली ऊब खाली सोडावयास लागे, आणि मध्यरात्र उलटली तरी तिचे देणे संपत नसे. पंखा फिरे तो गरम हवाच फिरवी. "हे घर माणसांसाठी बांधलंय की पापड वाळवण्यासाठी?" असे सौ.ने पहिल्याच एप्रिलात विचारले. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे ते घर निर्दोष होते. भिंतींची जाडी, छताची जाडी, खिडक्यांचे क्षेत्रफळ, सारे काही मंजूर नकाशाबरहुकूम होते. फक्त त्या घरात झोप येत नसे.

त्याच एप्रिलातल्या एका रविवारी कचेरीतले एक मल्याळी स्नेही आम्हांस उळ्ळूरच्या टेकडीवर घेऊन गेले. तेथे 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' ही अर्थशास्त्राच्या अभ्यासाची संस्था आहे. दुपारचे दोन वाजले होते. तांबड्या विटांच्या, गिलावा नसलेल्या त्या इमारतींत आम्ही शिरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती डोळ्यांना नव्हे, कातडीला. ओसरीवर ओल्या मडक्याजवळ बसावे तसा गारवा तेथे होता. यंत्र कोठेही चाललेले नव्हते. विटांच्या जाळीतून वारा येत होता आणि उन्हाची नक्षी जमिनीवर पडली होती. टेकडीचा उतार सपाट करण्याऐवजी इमारतच उताराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरली होती. वाटेत झाड आले की भिंत वळसा घेऊन पुढे जात होती. झाडाने भिंतीला वाट द्यावयाची, हा आम्हां शहरवासीयांचा परिचित न्याय. येथे तो उलटा झालेला दिसला.

हिशेबनिसाची नजर वाईट. सौंदर्य पाहून झाल्यावर, किंवा खरे सांगावयाचे तर होण्यापूर्वीच, आम्ही विटा मोजावयास लागलो. त्या विटा नेहमीप्रमाणे आडव्या नव्हत्या; आपल्या अरुंद कडेवर उभ्या होत्या. स्नेह्यांनी सांगितले की या रचनेस इंग्रजीत उंदराच्या सापळ्याचे नाव आहे, कारण भिंतीच्या पोटात सापळ्यासारखे लहान लहान पोकळ कप्पे राहतात. इंग्लंडच्या दक्षिण भागात एकोणिसाव्या शतकात साध्या घरांसाठी ती वापरीत. आम्ही खिशातला कागद काढून तेथेच हिशेब मांडला, तो वाचकांपुढे ठेवतो.

नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद व तीन इंच जाड अशी नेहमीची वीट घ्या. चुन्याच्या वा सिमेंटच्या सांध्याची जाडी सोयीसाठी सोडून देऊ. नऊ इंच जाडीची भिंत बांधावयाची आहे. विटा कडेवर उभ्या केल्या की एका थराची उंची साडेचार इंच होते. बाहेरच्या अंगाला एक वीट लांबीत ठेवावी, आतल्या अंगाला दुसरी. दोन्ही मिळून जाडी सहा इंच. मध्ये तीन इंचांची फट राहते. त्यांच्या शेजारी तिसरी वीट आडवी, भिंतीच्या आरपार ठेवावी, म्हणजे ती दोन्ही अंगांना बांधून धरते. अशा रीतीने एक फूट लांबीच्या तुकड्याला तीन विटा लागतात. तेवढ्याच जागेत नेहमीच्या भरीव पद्धतीने चार विटा बसल्या असत्या. आणि मध्ये राहिलेल्या पोकळीचे माप काय? नऊ इंच, साडेचार इंच, तीन इंच. म्हणजे बरोबर एक वीट! चौथी वीट तेथे आहेच. फक्त ती हवेची आहे. ती विकत आणावी लागत नाही, भट्टीत भाजावी लागत नाही, डोक्यावर वाहावी लागत नाही. उलट उन्हाला अडविण्याचे काम पहिल्या तिघींपेक्षा तीच अधिक चांगले करते, कारण कोंडलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. शेकडा पंचवीस विटा वाचल्या, सांध्याचा मालही वाचला, आणि घर अधिक गार झाले.

ही भिंत केरळात रुजविणाऱ्या गृहस्थांचे नाव लॉरेन्स विल्फ्रेड बेकर. लोक त्यांना लॉरी बेकर म्हणत. जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे. वास्तुशिल्पाचे शिक्षणही तेथेच झाले व १९३७ मध्ये ते पदवीधर झाले. बेकर हे क्वेकर पंथाचे. युद्धात शस्त्र धरावयाचे नाही, परंतु युद्धाने घायाळ केलेल्यांची सेवा करावयाची, हा त्या पंथाचा बाणा. दुसऱ्या महायुद्धात ते पंथाच्या रुग्णसेवा पथकातून चीनमध्ये गेले. तेथून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले, आणि या मुक्कामात त्यांची गांधीजींशी गाठ पडली.

या भेटीची गोष्ट बेकर पुढे अनेकदा सांगत. त्यांच्या पायात चिंध्यांपासून हाताने केलेले चिनी धर्तीचे जोडे होते. गांधीजींचे लक्ष प्रथम त्या जोड्यांकडे गेले. मग बोलणे निघाले ते घरांविषयी. आदर्श घर कोणते? तर त्या जागेपासून पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनी बांधलेले, असे गांधीजींनी त्या तरुणाला सांगितले. हे नुसते बोलणे नव्हते. आमच्या वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, ते १९३६ मध्ये राहावयास गेले तेव्हा त्यांनी हेच केले होते. माती, बांबू, लाकूड आणि गावठी कौले यांनी उभारलेली बापूकुटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या उन्हाळ्यातही आत शिरताच काय वाटते ते सांगावयास नको. तथापि त्या वेळी बेकरांना त्या पाच मैलांचा पुरता अर्थ उमगला नाही, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली आहे. महाविद्यालयात जे शिकले होते त्यात पोलाद, काच व काँक्रीट यांचे गणित होते, मैलांचे नव्हते.

अर्थ उमगला तो हिमालयात. १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या एका मिशनच्या कामासाठी भारतात परत आले. जुन्या कुष्ठाश्रमांची रुग्णालये करावयाची होती. १९४८ मध्ये डॉक्टर एलिझाबेथ जेकब या केरळी विदुषींशी त्यांचा विवाह झाला व हे जोडपे कुमाऊंतील पिथोरागडजवळ चंडाग येथे डोंगरात जाऊन राहिले. सोळा वर्षे तेथे काढली. पत्नीने रोगी तपासावेत. पतीने इमारती बांधाव्यात आणि पडेल ते काम करावे. तेथे सिमेंट न्यावयाचे तर खेचराच्या पाठीवरून न्यावे लागे. मग पदवीधर वास्तुशिल्पी निरक्षर गवंड्यांपुढे शिष्य होऊन बसला. कोणता दगड कोठे फुटतो, चिखलाचा लेप किती दिवस मळावा, बर्फाच्या बाजूला खिडकी का नसावी, हे त्या लोकांना आजा-पणजापासून ठाऊक होते. प्रत्येक खेड्यातले साधे घर म्हणजे शेकडो वर्षांच्या चुकांतून दुरुस्त होत आलेला आराखडा आहे, ही गोष्ट त्यांना येथे समजली. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाच्या घरात किती विचार साठलेला असतो, हे सुशिक्षितांच्या ध्यानात यावयास बहुधा अशा एखाद्या दुर्गम डोंगरावरच जावे लागते.

१९६३ च्या सुमारास हे कुटुंब केरळातील वागमोन या डोंगरी गावी आले व काही वर्षांनी तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. तेव्हा बेकर पन्नाशीचे होते. त्यांचे खरे कार्य येथून सुरू होते, हे वयाच्या पस्तिशीत निवृत्तिवेतनाचा हिशेब करू लागणाऱ्या आमच्या वर्गाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तो काळ कोणता होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सिमेंट त्या वेळी नियंत्रणाची वस्तू होती. परवाना मिळवावा, पाळी लावावी, आणि नाही मिळाले तर दुप्पट भावाने काळ्या बाजारात घ्यावे. या सिमेंटच्या वाटपावरूनच महाराष्ट्राच्या एका मुख्यमंत्र्यांना १९८२ च्या आरंभी पद सोडावे लागले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. ज्या वस्तूसाठी सारा देश रांगेत उभा होता ती वस्तू शक्य तेथे वापरावयाचीच नाही, असे बेकर म्हणत होते. १९७० ते १९७७ पर्यंत केरळचे मुख्यमंत्री असलेले सी. अच्युत मेनन व अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज या दोघांना या म्हणण्यातले मर्म कळले. राज यांनी उळ्ळूरची संस्था स्थापन केली तेव्हा तिच्या इमारतींचे काम बेकर यांच्याकडे आले. देशाच्या दारिद्र्याचा अभ्यास ज्या छपराखाली व्हावयाचा ते छप्पर तरी उधळपट्टीचे नसावे, ही त्यातली औचित्याची दृष्टी होती.

त्यांची युक्ती केवळ भिंतीपुरती नव्हती. काँक्रीटचे छत घ्या. छतावर भार पडला की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. दाब काँक्रीट सोसते. ताण मात्र सळईने सोसावयाचा असतो, काँक्रीट तेथे नुसते सळईला धरून असते. मग तेवढ्या जागी महागडे काँक्रीट भरण्याचे प्रयोजन काय? बेकरांनी सळयांच्या मधल्या चौकोनांत दुय्यम प्रतीची, विक्रीतून बाद झालेली मंगळुरी कौले घातली. दोन कौले एकमेकांवर अशी की मध्ये हवेचा कप्पा राहावा. छताचे वजन घटले, सिमेंट वाचले, लोखंडही कमी लागले, आणि आमच्या सौ.ला ज्या उबेने झोपू दिले नाही ती ऊबही पुष्कळशी बाहेरच अडली. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासून ही कौले कोकणातल्या घरोघरी पोचली आहेत; त्यांचा असा उपयोग मात्र आपल्याकडे क्वचितच कोणास सुचला असेल.

दाराखिडक्यांची तीच कथा. खिडकीत खर्च कसला असतो? चौकटीचा, बिजागऱ्यांचा, गजांचा, काचेचा. बेकरांच्या अगदी साध्या खिडकीत एक उभी फळी असे. तिला वर एक खुंटी, खाली एक खुंटी. त्या भिंतीतल्या खोबणींत बसविल्या की फळी त्यांवर फिरे. बिजागरी नाही, चौकट नाही. जेथे वारा व उजेड हवा परंतु बाहेर पाहण्याची गरज नाही, तेथे तेवढीही नाही. विटा सोडून सोडून रचल्या की जाळी तयार. दारावर काँक्रीटची तुळई घालण्याऐवजी विटांची कमान. भिंतीला गिलावा नाही, कारण गिलावा हा एकदाचा खर्च नव्हे. त्यावर रंग आला, आणि रंग आला की दर काही वर्षांनी पुन्हा रंग आला. पावसाने उघडी वीट भिजू नये म्हणून वळचण लांब पुढे काढलेली. जेथे जांभा दगड मिळे तेथे विटेऐवजी जांभा. या दगडास शास्त्रीय नाव मिळाले ते बुकनन या प्रवाशाने १८०७ मध्ये मलबारातील अंगाडिपुरमच्या दगडाच्या वर्णनात दिले म्हणून; रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा चिरा तो हाच.

त्यांना गोल व वळणदार भिंतींचा मोठा सोस होता, आणि तो केवळ दृष्टीचा नव्हता. चारशे चौरस फुटांची खोली चौरस बांधली तर भिंत ऐंशी फूट लागते. तीच वर्तुळाकार बांधली तर सुमारे एकाहत्तर. शिवाय वळलेला कागद जसा टेबलावर उभा राहतो व सरळ कागद पडतो, तशी वळणदार भिंत कमी जाडीतही उभी राहते. तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळचे त्यांचे इंडियन कॉफी हाउस प्रवाशांनी पाहिले असेल. शंखासारखी वर चढत जाणारी एकच वाट, तिच्या कडेने विटाचुन्यातच घडविलेली बाके व टेबले, आणि भिंतीभर जाळी. तेथे कॉफी पीत असता सौ.ने मात्र एक मार्मिक शंका काढली: "सगळं खरं, पण गोल भिंतीला लोखंडी कपाट टेकवायचं कुठं?" थोर माणसांच्या कल्पनांनाही गृहिणींची ही हरकत लागू आहे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

परंतु या साऱ्या युक्त्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती वास्तुशिल्पाची नसून हिशेबाची आहे. कोणत्याही बांधकामाच्या खर्चाचे मुख्यतः दोन भाग पडतात. माल व मजुरी. मालाचा पैसा कारखान्याकडे, खाणमालकाकडे व वाहतूकदाराकडे जातो. मजुरीचा पैसा गवंड्याच्या घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या वाण्याकडे येतो. बेकरांच्या पद्धतीत माल कमी लागतो, परंतु हात अधिक लागतात. जाळी रचावयास वेळ लागतो. कमानीला कसब लागते. म्हणजे घर स्वस्त करताना त्यांनी गवंड्याला स्वस्त केले नाही. स्वस्ताईचे बहुतेक मार्ग मजुराच्या पाठीवरून जातात. हा एक मार्ग त्याच्या पाठीवरून न जाता त्याच्या हातांतून गेला. बेकर स्वतः रोज कामावर जात, वापरलेल्या पाकिटांच्या व लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आकृत्या काढीत, आणि ठेकेदाराला मध्ये न घेता गवंड्यांशी बोलत. गवंड्याला मल्याळीत 'मेस्तिरी' म्हणतात. आमचा मेस्त्री तो हाच. दोघांचेही मूळ पोर्तुगीज शब्दात आहे आणि त्याचा अर्थ 'गुरू' असा आहे. बेकरांनी हा अर्थ शब्दशः पाळला.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

नोकरीच्या आरंभीच्या दिवसांत, अन्य एका शहरी असताना, आमच्या टेबलावर एका लहानशा गोदामाचे बिल आले. त्यातील भिंतीची बाब अपरिचित होती. कनिष्ठ अभियंत्याने विटा कडेवर रचून पोकळ भिंत बांधली होती व तशी नोंद मोजमापाच्या पुस्तकात केली होती. आमच्यापुढे जी दरसूची होती तीत असा दर नव्हता. आम्ही आक्षेप लिहिला: सदर बाब मंजूर दरसूचीत आढळत नाही, सबब स्पष्टीकरण मागविण्यात यावे. अक्षर आमचेच होते, आणि त्या वेळी त्या आक्षेपाचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला होता. तो तरुण अभियंता स्वतः येऊन भेटला. त्याने कागदावर तीन विटा काढून दाखविल्या आणि म्हणाला की पैसे गेले नाहीत, वाचले आहेत. आम्ही त्याला सांगितले की वाचलेले पैसे दाखविण्यास या नमुन्यात रकाना नाही. पत्रव्यवहार सात महिने चालला. शेवटी बिल मंजूर झाले, परंतु त्या अभियंत्याने पुढचे गोदाम बांधले ते भरीव भिंतीचे. त्यावर कोणीच आक्षेप घेतला नाही. घेण्यासारखे काही नव्हतेच. चारही विटा जागच्या जागी होत्या.

उळ्ळूरच्या त्या भिंतीपुढे खिशातल्या कागदावर तीन विटांचा हिशेब मांडताना आम्हांस तो तरुण आठवला. त्याने काढलेली आकृती हीच होती.

हा दोष एका कारकुनाचा म्हणून सोडून देता येईल. परंतु तो तेवढाच नाही. ठेकेदाराचा नफा खर्चाच्या शेकडेवारीने ठरतो. पुष्कळ ठिकाणी वास्तुशिल्पीचे मानधनही तसेच ठरते. खर्च कमी झाला की ज्याने तो कमी केला त्याचेच उत्पन्न घटते. मग विचार करावा कोणी? आणि विचार केलाच, तर तो तपासणाराच्या टेबलावर संशयित म्हणून उभा राहतो, कारण तपासणाराला मंजूर दराची ओळख असते, अकलेची नसते. झालेला खर्च मोजण्यासाठी आम्ही शेकडो नमुने छापले आहेत. न झालेला खर्च, न भाजलेली वीट, न तोडलेले झाड यांसाठी रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते सरकारी जगात घडतच नाही.

केरळातसुद्धा ही पद्धत सार्वत्रिक झाली नाही, हे सांगितले पाहिजे. १९८५ मध्ये अच्युत मेनन, राज, बेकर प्रभृतींनी 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली. तिने गोरगरिबांच्या वस्त्यांत व खाजगी घरांत हे तंत्र नेले. त्याच सुमारास कोल्लम येथे 'निर्मिती केंद्र' निघाले व पुढे देशभर तशी केंद्रे स्थापण्याचा उपक्रम केंद्र सरकारने हाती घेतला. बेकरांना भारताचे नागरिकत्व मिळाले, १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिरुवनंतपुरम येथे ते निवर्तले. मान पुष्कळ मिळाला. अनुकरण त्या मानाने थोडे झाले. १९७३ नंतर आखाती देशांतून पैसा येऊ लागला, आणि त्या पैशाने जी घरे उठली ती रंगीत, गुळगुळीत, सपाट गच्चीची होती. प्राध्यापक व लेखक मंडळींनी हौसेने उघड्या विटांची घरे बांधली. गरिबाला मात्र तेच घर देऊ केले की त्याला ते आपल्या गरिबीची जाहिरात वाटे. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. जन्मभर मातीच्या घरात राहिलेल्याला गिलाव्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे. साधेपणाची निवड करावयास आधी निवडीचे स्वातंत्र्य हाताशी असावे लागते.

आणखी एक सावधगिरी. जुने ते सारे शहाणे, असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपत असता, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडील गावे जमीनदोस्त केली आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे स्थानिक दगडमातीची होती. पाच मैलांची अट त्यांनी पुरी केली होती. परंतु भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगांना जोडणारे आरपार दगड बहुधा नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत जाऊन छत अतोनात जड झाले होते. वस्तू स्थानिक होती. तिच्यामागचा विचार मध्येच कोठे तरी गळून पडला होता. उंदराच्या सापळ्याच्या भिंतीत जी तिसरी वीट आरपार जाते, तिचे महत्त्व अशा वेळी कळते. त्या पोकळीत कोपऱ्यांशी सळई उभी करून काँक्रीटही भरता येते. जेथे हवे तेथे सिमेंट जरूर वापरावे. बेकरांचा विरोध सिमेंटला नव्हता, न विचार करता ओतलेल्या सिमेंटला होता. विटेवरही त्यांची अंधश्रद्धा नव्हती. ती भाजावयास सरपण लागते आणि तिची माती भातखाचरांतून निघते, हे जाणून उत्तरायुष्यात त्यांनी कच्च्या मातीच्या बांधकामाचा हिरिरीने पुरस्कार केला.

त्यांच्या काळी हा प्रश्न गरिबाच्या घराचा होता. आज तो सर्वांच्या हवेचा झाला आहे. सिमेंट तयार करावयास चुनखडी सुमारे साडेचौदाशे अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. जळणाचा धूर निराळाच. खुद्द चुनखडीतूनही कर्बवायू सुटतो. मनुष्यजातीच्या हातून हवेत जाणाऱ्या या वायूचा शेकडा सात-आठ हिस्सा एकट्या सिमेंटचा आहे. खडी व चिऱ्यासाठी डोंगर पोखरले जातात. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी दिलेल्या अहवालात या खाणींना आवर घालण्यास सांगितले होते. तो अहवाल केरळाला पुन्हा आठवला तो ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर. जी घरे आम्ही थंड बांधीत नाही त्यांना थंड करावयास यंत्रे लावतो, ती यंत्रे आतली ऊब शेजाऱ्याच्या खिडकीवर सोडतात, आणि शेजारी दुसरे यंत्र आणतो.

आम्ही परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसांपैकी पुष्कळजण निवृत्तीनंतरच्या एका घराचे चित्र मनात बाळगून असतो. कोणाचे ते पुण्यात असते, कोणाचे नागपुरात, कोणाचे कोकणातल्या वडिलोपार्जित तुकड्यावर. सगळे आयुष्य दुसऱ्याच्या आराखड्यात काढल्यावर निदान एक तरी भिंत आपल्या विचाराने उभी राहावी, ही इच्छा गैर नाही. तशी वेळ कोणावर आली तर त्याने कंत्राटदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: या भिंतीत, या छतात, या खिडकीत काय घातले नाही तरी चालेल? नकाशात काय आहे हे सगळेच विचारतात. काय वगळता येईल हे विचारण्यास अधिक अक्कल लागते, आणि थोडे धैर्यही.

आमच्यापुरते बोलावयाचे तर आमची पुन्हा बदली झाली. नव्या क्वार्टराची गच्चीही तापतेच. बिले येतात, ती आम्ही तपासतो. दरसूचीबाहेरची बाब दिसली की लेखणी अजूनही सवयीने आक्षेपाकडे वळते. परंतु आता आम्ही ती क्षणभर थांबवितो, आणि जागेवरून उठून ज्याने ती भिंत बांधली त्याला आधी विचारून येतो. चौथी वीट कोठे गेली, एवढेच विचारतो. कधी उत्तर मिळते की ती चोरीस गेली; कधी, अगदी क्वचित, असे मिळते की ती लागलीच नाही. हे दुसरे उत्तर ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी बिलाच्या समासात, कोणत्याही नमुन्यात नसलेल्या जागी, आम्ही एक ओळ लिहून ठेवतो: बचत झाल्याचे समक्ष पाहिले.